आईची बैठक

घटस्थापनेच्या सकाळी ज्या घरातून उदाधुपाचा दरवळ रस्त्यावर यावा, त्या गणेशवाडीतील खालकरांच्या घरातून त्या दिवशी भांडणाचा आवाज रस्त्यावर येत होता. आणि घागरीपुढे वाजवावयास बोलावलेला गोंधळी फाटकाशी उभा राहून, संबळाच्या दोऱ्या आवळण्याच्या निमित्ताने, ते सर्व कान देऊन ऐकत होता.

आत देव्हाऱ्याच्या उजव्या अंगास लंकाबाई बसल्या होत्या. त्यांची पाठ मानेखाली अशी वाकली होती, की हनुवटी छातीला टेकू पाहत असे, आणि समोरच्याचा चेहरा पाहावयाचा तर त्यांना डोळे कपाळाकडे फिरवावे लागत. परंतु या वाकण्याची खालकरांच्या घराण्यात कधी कुणी कीव केली नव्हती. उलट त्याला नाव होते, मान होता. ‘आईची बैठक’ म्हणत त्या पाठीला. सप्तशृंगीच्या घटाचे पाणी जी गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, डोक्यावर वाहून आणते, तिच्या पाठीवर आई येऊन बसते आणि आईच्या भाराने ती पाठ लवते, अशी सायखेड्याच्या खालकरांची पिढीजात श्रद्धा. लंकाबाईंच्या सासूबाई भागीबाई अशाच लवल्या होत्या. पुढे देव सायखेड्याहून नाशकात आले, घर बदलले, मातीच्या चुलीच्या जागी गॅस आला. बैठक मात्र तशीच राहिली. नवरात्रात भावकीतल्या बाया येत, लंकाबाईंच्या पाठीवर हळदकुंकू वाहत आणि तेथे कपाळ टेकवून नवस बोलत.

घागर वाहण्याचा अधिकार सुटलेल्या बाईलाच. सुटलेली म्हणजे जिची पाळी कायमची गेली ती. लंकाबाई थकल्यावर हा मान त्यांची थोरली, किंबहुना एकुलती एक सून उज्वला हिच्याकडे आला होता. आणि आज त्याच सुनेच्या मानाची लक्तरे, लंकाबाईंची लेक मोहिनी, पाट मांडलेल्या खोलीत सर्वांसमक्ष टांगीत होती.

“बघ आई, हे बघ!” मोहिनी हातातले गोळ्यांचे पाकीट नाचवीत म्हणाली. ती आदल्याच दिवशी विंचूरहून माहेरी आली होती. “फ्रिजवरच्या डब्यात वेलदोडे शोधायला गेले, तर हे हाताला लागलं. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला दाखवून आले. बायकांचं औषध हाय म्हणे. पाळी गेलेल्यांना देतात!”

“वन्सं, विचारायचंच होतं तर मला विचारायचं,” उज्वला म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिचा स्वर अजून तरी शांत होता. “मी काय मुकी आहे? नाक्यावर कशाला दवंडी?”

“आणि न्हाणीतल्या डब्यात जे गुंडाळून टाकलंस, तेही चारचौघांत विचारू का?”

लंकाबाईंनी डोळे वर फिरवले. त्यांना सुनेचा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यावर नकार नव्हता.

“उज्वला,” त्या म्हणाल्या, “खरं सांग. तुला विटाळ आला?”

“दोन-चार डाग, आत्याबाई. डॉक्टरांनी औषध बदललं, म्हणून. सोनोग्राफी करून घेतली, काळजीचं काही नाही.”

“काळजीचं काही नाही!” जाजमावरून पुंजाराम कडाडले. ते लंकाबाईंचे धाकटे दीर. लंकाबाईंचे यजमान सहादू वारल्यापासून भावकीची वडीलकी त्यांच्याकडे चालत आली होती, आणि ती त्यांनी कधी खाली ठेवली नव्हती. “घागर चिंचेनं घासून पालथी घातली, गोंधळी दारात उभा, आन् घागर उचलणारी म्हणते काळजीचं काही नाय! किती दिस खातीस गं ह्या गोळ्या?”

“दीड वर्ष होत आलं, काका.”

“म्हणजी मागल्या घटालाही...?”

“हो.”

पुंजारामांनी दोन्ही हात कपाळाला लावले. “अरे देवा! म्हणून माझी द्राक्षं गेली! हातातोंडाशी आलेला बाग गारांनी झोडपला, मी म्हणतो, आई अशी का कोपली! इथं मुरतं पाणी!”

“काका, गारा साऱ्या निफाड तालुक्यात पडल्या,” उज्वला म्हणाली. “सगळ्या तालुक्याच्या बायका गोळ्या खात होत्या का?”

लताबाई, म्हणजे पुंजारामांच्या पत्नी, पदराआड फिसकन हसल्या आणि नवऱ्याच्या नजरेने तितक्याच झटक्यात गप्प झाल्या.

लंकाबाईंना मात्र हसू आले नाही. त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता. चारच वर्षांपूर्वी, जेमतेम पंचेचाळिसाव्या वर्षी उज्वला सुटली, तेव्हा या घराने पुरणपोळी केली होती. ‘पुण्यवान म्हणून लवकर सुटली,’ असे लंकाबाई दारोदार सांगत फिरल्या होत्या. स्वतःची येवल्याची पैठणी पेटीतून काढून त्यांनी सुनेच्या अंगावर घातली होती. आणि या बाईने गेलेला विटाळ दुकानातून विकत आणावा? देवीने सोडवलेल्या बेड्या स्वतःच्या हाताने पुन्हा पायात घालाव्यात? कृतघ्नपणाला काही सीमा असते की नाही!

“कशापायी?” त्या ओरडल्या. ओरडताना पाठीतून नेहमीची कळ गेली. ती त्यांनी नेहमीप्रमाणे गिळली. “काय कमी पडलं तुला ह्या घरात?”

“हाडं,” उज्वला म्हणाली. “हाडं कमी पडली, आत्याबाई.”

“ऐका!” मोहिनी म्हणाली.

“ऐकाच वन्सं. तुमच्याही कामाचं आहे.” उज्वला चौकट सोडून आत आली. “माझं मनगट मोडलं होतं, आठवतं? कशानं मोडलं होतं?”

“परात सांभाळताना,” लंकाबाई नाइलाजाने म्हणाल्या. “मोठी परात व्हती.”

“रिकामी परात होती! रिकामी परात ओट्यावरून घसरली, मी नुसता हात लावला, आणि हात मोडला. सगळे म्हणालात, परातच जड. कुणाच्या मनात आलं नाही, की परात तीच आहे, हात हलका झालाय. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर कापडणीसबाईंनी हाडांची घनता मोजायला लावली. मणका आणि खुबा पोकळ होत चाललाय म्हणाल्या. पाळी आणणारा जो रस बाईच्या अंगात असतो ना, तोच हाडंही धरून ठेवतो. तो आटला की हाड आतून झिजतं. माझा लवकर आटला, म्हणून मी लवकर झिजले. तुम्ही पुरणपोळी खात होतात, तेव्हा.”

“जिभेला हाड नाय तुझ्या!” पुंजाराम म्हणाले.

“जिभेला कुणालाच नसतं, काका. बाकीची तरी राहू द्या.”

सोमनाथ, उज्वलेचा नवरा, इतका वेळ खिडकीपाशी उभा होता. दिंडोरी रोडवर त्याचे ठिबकच्या नळ्यांचे आणि फवारणी पंपांचे दुकान होते; गिऱ्हाइकापुढे तो वाघ असे, काकांपुढे मांजर. आता तो घसा खाकरून म्हणाला, “काका, औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानंच चाललंय. आणि नुसतं औषध नाही, व्यायामही...”

“व्यायाम!” पुंजारामांना जणू हवे तेच सापडले. “तेही येऊ द्या बाहेर. पाठीला फवारणीचा पंप बांधून गच्चीवर फेऱ्या मारती म्हणे तुझी बायको! आख्खी गणेशवाडी हसतीय. मला मार्केटात एक जण म्हणतो, पुंजाभाऊ, तुमच्या सुनबाईनं गच्चीवर द्राक्षं लावली का?”

मोहिनी खळखळून हसली. लंकाबाईंनाही ते दृश्य डोळ्यांपुढे आले: पहाटे छतावर धप धप वाजणारी पावले. त्या आवाजाने कितीदा त्यांची झोपमोड झाली होती.

“हसा,” उज्वला म्हणाली, आणि तिच्या स्वरातील शांतपणा प्रथमच तडकला. “पंपात पाणी भरते मी. आधी दोन लिटरच भरलं, मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं तसं हळूहळू वाढवलं. खुर्चीतून हात न टेकता उठते, बसते. पाठ ताठ ठेवून वजन उचलायला शिकले. हाडावर भार पडला तर हाडाला कळतं, की आपलं अजून काम आहे. गोळी झीज थोपवते आणि चालणं, उचलणं हाडाला जागं ठेवतं. दोन्ही मिळून दीड वर्षात माझी घसरण थांबली, मणक्यात थोडी भरही पडली. परत मोजून पाहिलंय. या वयात माझं काहीतरी वाढलं, तर या घरात कुणाला पेढा वाटावासा वाटला नाही. कमी झालं तेव्हा मात्र पैठणी!”

“अगं पण त्या गोळ्यांनी छातीत गाठ होते म्हणतात,” लताबाई हळूच म्हणाल्या. हे त्यांनी भांडणासाठी म्हटले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत खरेच भीती होती.

“धोका मुळीच नाही, असं बाई म्हणाल्या नाहीत, काकू. छाती तपासली, रक्त तपासलं, माहेरी कुणाला गाठ होती का, कुणाच्या पायात रक्त गोठलं होतं का, सगळं विचारलं. दर वर्षी तपासायचंय. तुमची पाळी लवकर गेली, तुम्हाला फायदा जास्त दिसतो म्हणाल्या. दोन्ही पारडी समोर ठेवली आणि म्हणाल्या, आता तुम्ही ठरवा. माझ्या अंगाबद्दल मला कुणीतरी जन्मात पहिल्यांदा विचारलं.”

पुंजाराम उठून उभे राहिले. त्यांनी खांद्यावरचे उपरणे झटकले, आणि न्यायाधीशाने निकाल द्यावा तशा आवाजात बोलू लागले.

“हे बघा वहिनी. आपलं घर जुन्या चालीचं. मी दोन गोष्टी सांगतो. ही पोरगी आत्ताच्या आत्ता ह्या गोळ्या गंगेत टाकंल, गंगेत डोकं बुडवून शुद्ध व्हईल, आईची माफी मागंल आन् घागर उचलंल. नसंल जमत, तर देवाचे टाक मी घेऊन चाललो सायखेड्याला. गाडी भाईर उभीच हाय. घट तिकडं बसंल. ह्या घरात मग आई राहणार नाय.”

लंकाबाईंनी देव्हाऱ्याकडे डोळे फिरवले. देव जाणार! ज्या देव्हाऱ्यापुढे त्या लग्न होऊन आल्या दिवसापासून वाकल्या, तो ओस पडणार. आणि देव गेले म्हणजे बैठकही गेली. मग या पाठीवर कुंकू वाहायला कोण येईल? मग ही पाठ म्हणजे काय? एक वाकडी म्हातारी, कोपऱ्यात बसलेली.

“उज्वला,” त्या म्हणाल्या, आणि आता त्यांच्या संतापात विनवणी मिसळली होती, “टाक गं बाई त्या गोळ्या. मी बी सुटले व्हते. मी बी घागर वाहिली. आई बसली माझ्या पाठीवर. तुझ्या पाठीवर बसायला येती, तर तू तिला पाठ दाखवतीस?”

उज्वलेने ओठ घट्ट मिटले. तिने नवऱ्याकडे पाहिले. सोमनाथने अगदी बारीक मान हलवली: नको.

परंतु काही गोष्टी मिटलेल्या ओठांत मावत नाहीत.

“आत्याबाई, तुमच्या पाठीवर आई नाही,” ती म्हणाली. “तुमचे मणके मोडलेत. तीन.”

“उज्वला!” सोमनाथ ओरडला. “आपलं ठरलं होतं ना!”

गोंधळी दोऱ्या आवळायचे विसरला.

लंकाबाईंनी सुनेकडे पाहिले नाही. त्यांनी डोळे कष्टाने मुलाकडे वळवले. “काय ठरलं व्हतं, सोमनाथ?”

“काही नाही, आई.”

“काय ठरलं व्हतं?”

सोमनाथ जमिनीकडे पाहत बोलला. “हिवाळ्यात तुला खोकल्यासाठी नेलं होतं ना, छातीचा फोटो काढला... त्यात दिसलं. डॉक्टर म्हणाले, मणके चेपलेत, जुने आहेत. हाडं झिजून झालंय. यांना खूप दुखत असणार, म्हणाले.”

“मग?”

“तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. तुझा मान आहे, बायका येतात... मी काकांना विचारलं. काका म्हणाले...”

“माझं नाव कशाला घेतोस?” पुंजाराम म्हणाले, पण त्यांचा आवाज पायरीभर खाली उतरला होता.

“काका म्हणाले, सांगू नको. बैठक मोडली तर भावकी हसेल.”

लताबाई लंकाबाईंच्या जवळ सरकल्या.

लंकाबाईंच्या मनापुढे मात्र ही खोली राहिलीच नव्हती. त्या गोदाघाटाच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. घागर घेण्याचे त्यांचे ते दुसरे की तिसरे वर्ष. पाय घसरला नव्हता, ठेच लागली नव्हती. चुंबळीवर घागर चढवून त्या वर चढू लागल्या, आणि पाठीत वाळकी काटकी मोडावी तसे काहीतरी मोडले. आवाज त्यांनी आपल्या कानांनी ऐकला होता. डोळ्यांपुढे अंधारी आली, गुडघे पायरीवर आदळले, आणि तोंडातून जी किंकाळी फुटली ती गुरासारखी होती. वर उभ्या भावकीने ती ऐकली. ‘अंगात आलं! बसली, आई बसली!’ असा गलका झाला. कुणी पाण्याचा घोट दिला नाही, कुणी आडवे केले नाही. मोडलेल्या जागेवर मुठीने कुंकू चोळले, आणि संबळ असा घुमवला, की पुढच्या किंकाळ्या त्याच्याच ठेक्यावर वाटाव्यात.

घरी आल्यावर सासू भागीबाईंनी विटेने पाठ शेकली. शेकता शेकता, स्वतःही धनुष्यासारखी वाकलेली ती म्हातारी कानाशी पुटपुटली होती, “लंके, दुखतं म्हणायचं नाय. म्हटलं की बैठक उठती. मी कधी म्हटलं नाय.” आणि लंकाबाईंनीही म्हटले नाही. नातवाला पाळण्यातून उचलताना पुन्हा तशीच काटकी मोडली, तेव्हा नाही. नुसते खोकताना तिसऱ्यांदा मोडली, तेव्हाही नाही. दुखणे हेच पुण्य, असे त्या मानत आल्या होत्या. आणि हे दोन बाप्ये! एक पोटचा, एक पाठचा म्हणवणारा. यांना ठाऊक होते. हिवाळ्यापासून ठाऊक होते. ठाऊक असून त्यांनी चैत्री नवरात्रात गावच्या बायांना या पाठीवर डोकी टेकू दिली.

“सोमनाथ,” लंकाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण मोहिनी आपोआप दोन पावले मागे सरली. “सायखेड्याच्या गोठ्यातल्या गाईचा खूर दुखला तर तू डॉक्टर बोलावतोस का नाय?”

“आई...”

“बोलावतोस. आन् तुझ्या आईचं दुखलं, तर तू भावकीला विचारतोस.” मग त्यांनी मान जमेल तितकी दिराकडे वळवली. “आन् तुम्ही, भाऊजी! त्या दिशी घाटावर तुम्हीच व्हते ना संबळवाल्याला ‘वाजव, वाजव’ म्हणणारे? मी वरडले. माझं हाड मोडलं म्हणून मी वरडले, आन् तुम्ही संबळ वाजवला!”

“वहिनी, तवा कुणाला काय ठावं? अडाणी व्हतो आपण सगळे.”

“तवा अडाणी व्हता. हिवाळ्यात तर शाणे झालते ना? मंग?”

कोंडीत सापडलेला वडीलधारा माणूस जे करतो तेच पुंजारामांनी केले. त्यांनी आवाज वाढवला. “मणक्याचं मणक्यापाशी! घटाचं काय? सूर्य कुठं आला बघा! मुहूर्त टळतोय. रीत म्हणजी रीत. घागर सुटलेलीनंच उचलायची. ही तर विटाळलेली, तुमच्यानं उचलवत नाय, लताची अजून चालू हाय. मंग मी टाक नेऊ का नको?”

लंकाबाईंच्या सुरकुतलेल्या तोंडावर असे काही उमटले, की जे पाहून लताबाईंनी पदर तोंडाशी धरण्याची तयारी आधीच करून ठेवली.

“बरोबर हाय, भाऊजी. रीत मोडायची नाय. ज्याला पाळी येत नाय, त्यानंच घागर उचलायची.”

“तेच तर म्हणतोय मी!”

“मंग उचला.”

“आं?”

“तुम्हाला तर ती कधी आलीच नाय. आम्ही पन्नाशीला सुटलो, तुम्ही जन्माचेच सुटलेले. तुमच्याइतकं सोवळं ह्या घरात दुसरं कोण हाय? उचला घागर.”

लताबाईंचे हसू पदरात मावले नाही. मोहिनीला हसावे की रागवावे हे कळेना. बाहेर गोंधळ्याला एकाएकी जोराचा खोकला आला.

“वहिनी, चेष्टा करताय! बाप्या माणसानं बायकांवाणी डोक्यावर घागर...”

“का? जड हाय?” लंकाबाई म्हणाल्या. “बायांच्या मोडक्या हाडांवर निभावली एवढी वर्षं. तुमची तर धडधाकट हायेत.”

“काका, मी उचलतो,” सोमनाथ पुढे झाला.

“तू थांब! तुला मान नाय.” लंकाबाईंनी त्याला जागीच रोखले. “थोरलेपण तुझ्या काकाचं. न्याय तेच करत व्हते ना? भार बी तेच वाहतील. आन् नसंल वाहायचा, तर टाक घेऊन जा भाऊजी. खुशाल जा. पण जिथं न्याल, तिथं पुढल्या साली पाणी कोण आणंल, ते आत्ताच ठरवून जा. लता आणंल का?”

सर्वांची मान लताबाईंकडे वळली. लताबाई म्हणजे एरवी घरात कुणाच्या ना अध्यात ना मध्यात असलेली बाई. चौपन्नाव्या वर्षीही सुटली नाही म्हणून भावकीने तिला कितीदा हिणवले होते. ती उठली, पालथी घागर सरळ केली, चुंबळ उचलली आणि दोन्ही नवऱ्याच्या हातात दिले.

“मी नाय आणणार,” ती म्हणाली. “माझ्या पाठीवर मला कुणी बसवून घ्यायचं नाय. जावा आता, गर्दी व्हईल घाटावर. आन् उचलताना गुडघ्यात वाका, कमरेत नाय. उज्वला, तसंच ना गं?”

“तसंच, काकू. पाठ ताठ.”

पुंजाराम त्या घागरीकडे पाहत उभे राहिले. बाहेर गाडी होती, आत देवी होती, आणि मध्ये फाटकाशी गणेशवाडीतला सर्वांत लांब जिभेचा गोंधळी होता. देव नेले असते तर ‘घागर उचलवेना म्हणून पळाला’ हे संध्याकाळपर्यंत सायखेड्यात पोहोचले असते. त्यांनी दात आवळून चुंबळ डोक्यावर ठेवली आणि ताडताड बाहेर पडले. गोंधळी संबळ सावरीत मागे धावला. “वाजवू का हो, अण्णा?” त्याने विचारले. त्यावर पुंजाराम जे म्हणाले, ते देवीच्या दिवशी लिहिण्याजोगे नाही.

आत मोहिनी गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन तशीच उभी होती. ते कुठे ठेवावे हे तिला समजत नव्हते. शेवटी तिने ते उज्वलेच्या हातात दिले आणि तिच्याकडे न पाहता म्हणाली, “वहिनी, माझी हल्ली दोन-दोन महिने येत नाय. रात्री अंगातून वाफा निघतात. मी बी... ते मोजतात ते... मोजून घेऊ का?”

“आधी नाक्यावर विचारून या,” उज्वला म्हणाली. आणि मग नणंदेचा पडलेला चेहरा पाहून तिने सुस्कारा सोडला. “सोमवारी जाऊ. मी येते बरोबर.”

“आन् मला?” लंकाबाईंनी विचारले. “मला देईल ती गोळी तुझी डॉक्टरीण?”

“तुमच्या वयाला ही गोळी नाही देत, आत्याबाई. पण तुमच्यासाठी दुसरी औषधं असतात, इंजेक्शनं असतात. मोडलं ते सरळ होणार नाही. पुढचं मोडू नये म्हणून करता येतं. आणि दुखण्यावरही करता येतं.”

दुखण्यावर करता येते! लंकाबाईंनी ते वाक्य मनात दोनदा घोळवले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असे सांगितले नव्हते. आणि सांगणार तरी कसे, त्यांनी दुखते म्हणून म्हटलेच कधी होते? सुनेविषयीचा सकाळचा संताप अजून पुरता शमला नव्हता. पण तो आता तिच्या दिशेने जाण्याऐवजी त्या पायऱ्यांकडे, त्या मुठीतल्या कुंकवाकडे, विटेने पाठ शेकून गप्प बसवणाऱ्या त्या वाकलेल्या सासूकडे चालला होता; आणि सासूपाशी पोहोचल्यावर मात्र त्याचे पाणी होत होते. बिचारी भागीबाई. तिला किती दुखले असेल!

इतक्यात ओट्यावर बांगड्या वाजल्या. भावकीतल्या बाया आल्या होत्या. हातात तबके, तबकांत हळदकुंकू, अंगावर नवी कोरी लुगडी सळसळत होती. रस्त्यात डोक्यावर चुंबळ घेतलेले पुंजाराम भेटल्यामुळे त्या आधीच गोंधळून गेल्या होत्या. परंतु देव्हाऱ्यापाशी बसलेल्या लंकाबाई नेहमीसारख्याच दिसल्या, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. पुढे असलेल्या बाईने तबक खाली ठेवले, कुंकवात बोटे बुडवली, आणि “आई, सांभाळ गं माये” म्हणत लंकाबाईंच्या पाठीमागे वाकली.

लंकाबाईंनी डोळे मिटले. दुखतं म्हटलं की बैठक उठती.

“हात लावू नको, बाई,” त्या म्हणाल्या. “दुखतंय.”

बाईचा हात जागीच थांबला. लंकाबाई श्वास रोखून वाट पाहत राहिल्या. पाठीवरून कुणीच उठले नाही. कळ होती तेथेच होती, जुनी, ओळखीची. उज्वला पुढे झाली, तिने सासूच्या कमरेमागे उशी सरकवली, आणि लंकाबाई सर्वांसमक्ष, कण्हत, हळूहळू मागे टेकल्या.